वाटेत चार दिवस थांबायचे, तर तिकीट कसे काढावे?

परदेशी जाताना किंवा परतताना वाटेतल्या एखाद्या शहरात काही दिवस मुक्काम करावा, या इच्छेने लिहिलेली बरीच पत्रे सोलापुरातून या सदराकडे आली आहेत. अशा मुक्कामाला विमान व्यवसायात स्टॉपओव्हर म्हणतात. आंतरराष्ट्रीय प्रवासात मधल्या शहरी उतरल्यापासून तिथून पुढचे विमान सुटेपर्यंतचा वेळ २४ तासांपेक्षा जास्त असेल, तर तो स्टॉपओव्हर होतो, आणि त्याहून कमी असेल, तर ते केवळ विमान बदलणे, म्हणजे ट्रान्झिट. खालच्या बहुतेक उत्तरांत हा फरक पुन्हा पुन्हा लागणार असल्याने तो आरंभीच सांगितला आहे.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक आहोत. मुलगी बोस्टनला असते. एप्रिलमध्ये तिच्याकडे जाऊन सप्टेंबरच्या सुमारास परत यायचे आहे. अमेरिकेचा व्हिसा आहे. वाटेत अबू धाबीला तीन दिवस थांबावे, असे वाटते. एजंट म्हणतात की तीन वेगळी तिकिटे काढावी लागतील. मुलगी म्हणते की एकाच तिकिटात सारे बसते. खरे काय, आणि थांबायचे ते जाताना की येताना?
— एक वाचिका, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे. मुंबई ते बोस्टन आणि परत, असे एकच तिकीट काढून त्यातच अबू धाबीचा मुक्काम घालता येतो, आणि आपल्यासारख्या ज्येष्ठ प्रवाशांनी तसेच करावे, असा माझा आग्रह आहे. तिकीट एक असले की सगळ्या प्रवासाचा करार एक राहतो. त्यातले एखादे विमान रद्द झाले किंवा त्याची वेळ बदलली, तर आपल्याला बोस्टनहून मुंबईपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते. तिकिटे सुटी असतील, तर प्रत्येक कंपनी आपल्यापुरते पाहते, आणि मधल्या शहरात पुढचा मार्ग काढणे प्रवाशावर पडते.

असे तिकीट शोधताना संकेतस्थळावर ‘रिटर्न’ऐवजी ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय निवडावा. पुष्कळ कंपन्यांच्या संकेतस्थळांवर स्टॉपओव्हरसाठी वेगळी जागाही असते, तिथे किती रात्री थांबायचे ते विचारले जाते. मल्टी-सिटीत आपल्याला तीन ओळी भराव्या लागतील. पहिल्या ओळीत मुंबई ते बोस्टन, दुसऱ्या ओळीत बोस्टन ते अबू धाबी आणि तिसऱ्या ओळीत, तीन दिवसांनंतरची तारीख घालून, अबू धाबी ते मुंबई. जाताना आपण तिथे फक्त विमान बदलणार असाल, तर पहिली ओळ तोडून मुंबई–अबू धाबी आणि अबू धाबी–बोस्टन अशा दोन ओळी करू नयेत. तशा केल्या, तर संगणक प्रत्येक तुकड्याचे भाडे स्वतंत्र लावण्याची शक्यता असते, आणि रक्कम कारण नसताना फुगते. दर जास्त दिसला, तर तारीख एका दिवसाने मागेपुढे करून पाहावी. ज्या दिवशी स्वस्त दराच्या जागा संपलेल्या असतात, त्या दिवशी वाढलेला आकडा पाहून अनेक जण तो मुक्कामाचा दंड समजतात. मात्र अगदी तळाच्या दरात काही कंपन्या मुक्कामाला परवानगीच देत नाहीत, किंवा त्यासाठी वेगळी रक्कम घेतात, म्हणून भाड्याचे नियम वाचून घ्यावेत.

आता जाताना की येताना, हा प्रश्न. माझे मत येतानाच्या बाजूने आहे. मुंबईहून अबू धाबी सुमारे तीन तासांवर आहे. प्रवासाचा खरा शीण पुढच्या तेरा-चौदा तासांत असतो. जाताना थांबलात, तर शीण येण्याआधीच विश्रांती घेतल्यासारखे होईल आणि लांबचा टप्पा तसाच पुढे उभा राहील. येताना मात्र तो मोठा टप्पा संपवून आपण उतरता, आणि तीन दिवसांनी उरलेला प्रवास अगदी थोडा असतो. शिवाय अमेरिकेला जाणाऱ्या प्रवाशांची अमेरिकी इमिग्रेशन आणि कस्टम्स तपासणी अबू धाबीच्या विमानतळावरच होते. ही सोय तिथे २०१४ पासून आहे. बोस्टनला उतरल्यावर तिचा फायदा होतो, पण अबू धाबीहून निघताना तिच्यासाठी वेळ राखून ठेवावा लागतो.

येताना थांबण्याच्या दोन अडचणीही सांगायला हव्यात. पहिली व्हिसाची. स्टॉपओव्हर म्हणजे त्या देशात रीतसर प्रवेश. अमेरिकेचा व्हिसा असलेल्या भारतीय नागरिकांना संयुक्त अरब अमिरातीत पोहोचल्यावर, शुल्क भरून, १४ दिवसांचा व्हिसा मिळण्याची सोय आहे. पण पासपोर्ट आणि अमेरिकेचा व्हिसा या दोहोंची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी लागते. हे सहा महिने आपण अबू धाबीत उतरण्याच्या दिवसापासून मोजायचे आहेत. म्हणजे सप्टेंबरमध्ये परतताना पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत दोन्ही कागद जिवंत हवेत. आपला अमेरिकेचा व्हिसा डिसेंबरात संपत असेल, तर एप्रिलमध्ये जाताना ही सोय लागू होईल आणि सप्टेंबरमध्ये होणार नाही. अशा वेळी माझा वरचा सल्ला बाजूला ठेवावा आणि जातानाच थांबावे, किंवा अमिरातीचा व्हिसा आधी काढून ठेवावा. व्हिसाचे नियम बदलत असतात, तेव्हा तिकिटाचे पैसे भरण्याच्या दिवशी विमान कंपनीच्या आणि अमिरातीच्या सरकारी संकेतस्थळावर ते पुन्हा पाहावेत.

दुसरी अडचण हवेची. आखातात जून ते सप्टेंबर पारा चाळिशीच्या वर असतो. सोलापूरकरांना चाळीस अंशांचे भय नसते, हे खरे. पण आपला उन्हाळा कोरडा असतो आणि तिथल्या हवेत समुद्राचा दमटपणा असतो, त्यामुळे घाम वाळत नाही आणि ज्येष्ठांना लवकर थकवा येतो. शक्य असेल, तर परतीचा प्रवास ऑक्टोबर अखेरीस ठेवावा, अर्थात अमेरिकेत प्रवेश करताना मिळालेली मुक्कामाची मुदत ओलांडणार नसेल तरच. मुदतीचा हिशेब आधी, हवेचा नंतर.

सामानाविषयी थोडे. ट्रान्झिटमध्ये बोस्टनला दिलेली बॅग सहसा थेट मुंबईला मिळते. स्टॉपओव्हरमध्ये ती अबू धाबीत आपल्या हाती येते, आणि तीन दिवसांनी पुन्हा द्यावी लागते. दोघांच्या मिळून चार मोठ्या बॅगा असतील, तर टॅक्सी त्या हिशेबाने सांगावी, आणि अमेरिकेच्या प्रवासाला मिळणारी दोन बॅगांची मुभा अबू धाबी–मुंबई या शेवटच्या टप्प्यालाही आहे ना, हे तिकिटावर वाचून खात्री करावी. प्रत्येक टप्प्यापुढे सामानाचा आकडा छापलेला असतो. व्हीलचेअर हवी असेल, तर तीही प्रत्येक टप्प्यासाठी नोंदवलेली असावी. मुक्कामानंतरच्या विमानासाठी ती नोंदवायची राहून जाते, असा अनुभव आहे.

एक शेवटची गोष्ट, जी आई-वडिलांच्या बाबतीत नेहमी घडते. नातवंडांच्या आग्रहाने मुक्काम वाढतो. साध्या परतीच्या तिकिटात एक तारीख बदलावी लागते. आपल्या तिकिटात बोस्टन–अबू धाबी आणि अबू धाबी–मुंबई या दोन्ही तारखा बदलाव्या लागतील आणि हॉटेलही पुढे ढकलावे लागेल. म्हणून तारीख बदलण्याची मुभा असलेला दर थोडा महाग असला, तरी तोच घ्यावा.

प्रश्न : एजंटाने आम्हाला ‘एकच तिकीट आहे’ असे सांगून कागद दिला. ते खरेच एक आहे की दोन जोडलेली आहेत, हे आम्हाला कसे कळेल?
— एक वाचक, साखर पेठ

उत्तर : सहा अक्षरांचा पीएनआर पाहून हे कळत नाही, कारण एका पीएनआरमध्येही सुटी तिकिटे असू शकतात. ई-तिकिटाचा क्रमांक पाहावा. तो १३ अंकी असतो आणि त्यातले पहिले तीन अंक तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात; एअर इंडियाचे ०९८, एतिहादचे ६०७. आपल्या नावापुढे सगळ्या टप्प्यांना हा क्रमांक एकच असेल, तर तिकीट एक आहे. एका क्रमांकात चारच टप्पे मावतात, त्यामुळे टप्पे पाच-सहा असतील, तर लगतचे दोन क्रमांक दिसतील, तेही चालते. क्रमांक दूरदूरचे असतील किंवा पहिले तीन अंक वेगळे असतील, तर ती दोन तिकिटे आहेत, आणि तसे एजंटाला स्पष्ट विचारावे.

त्याच कागदावर खाली भाड्याच्या हिशेबाची एक लांबलचक ओळ असते. तिच्यात शहरांच्या तीन अक्षरी खुणा ओळीने येतात. ज्या शहराच्या आधी रोमन ‘एक्स’ हे अक्षर आणि तिरकी रेघ असते, ते शहर हिशेबात ट्रान्झिट धरलेले असते. जिथे आपण मुक्काम करणार आहात, त्या शहराच्या आधी हा ‘एक्स’ असू नये. ही ओळ क्लिष्ट दिसते म्हणून कोणी पाहत नाही. आपण जरूर पाहावी, कारण विमानतळावर वाद झाला, तर एजंटाचा शब्द तिथे कामाला येत नाही. येतो तो छापील कागद.

प्रश्न : आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. जानेवारीत फ्रँकफर्टच्या हाइमटेक्स्टिल प्रदर्शनाला जायचे आहे. लंडनमार्गे विमान मिळते आहे. लंडनमध्ये काही व्यापाऱ्यांना भेटण्यासाठी तीन दिवस हवे आहेत. प्रदर्शन आटोपल्यावर, परतताना थांबण्याचा विचार आहे. शेंगेन व्हिसावर हे जमेल का?
— एक उद्योजक, अक्कलकोट रस्ता

उत्तर : शेंगेन व्हिसा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा व्हिसा, ब्रिटनमध्ये चालत नाही. आपल्याला ब्रिटनचा स्वतंत्र व्हिसा काढावा लागेल, आणि दोन्ही अर्जांसाठी पासपोर्ट वेगवेगळ्या वेळी द्यावा लागत असल्याने तयारीला दिवाळीपूर्वीच लागावे. प्रदर्शन दरवर्षी जानेवारीत असते, आणि नाताळच्या आसपास कचेऱ्यांचे काम मंदावते.

परतताना थांबण्याचा विचार मात्र आपण बदलावा, असे मी आवर्जून सुचवतो. ब्रिटनच्या विमानतळावरून निघणाऱ्या प्रवाशावर तिथले सरकार विमान प्रवासी कर लावते. एकाच तिकिटावर २४ तासांच्या आत विमान बदलून पुढे जाणाऱ्याला तो लागत नाही. मुक्काम करणाऱ्याला लागतो. कराचा दर पुढच्या प्रवासाच्या अंतरावर ठरतो. लंडनहून युरोपातल्या जवळच्या देशांसाठी तो अल्प आहे, भारतासाठी त्याच्या कित्येक पट आहे. फ्रँकफर्टहून परतताना लंडनमध्ये तीन दिवस राहिलात, तर लंडन–मुंबई या लांबच्या टप्प्याचा कर भरावा लागेल. तेच तीन दिवस जाताना घेतले, तर लंडन–फ्रँकफर्टचा अल्प कर लागेल, आणि परतीला लंडनमध्ये केवळ दोन-चार तासांत विमान बदलले, तर त्या वेळी काहीच लागणार नाही. दिवस तेवढेच आणि शहरेही तीच, फक्त क्रम बदलला की तिकीट स्वस्त होते. आपल्याबरोबर कारखान्याची आणखी माणसे असतील, तर हा फरक चांगलाच जाणवेल.

व्यापाराच्या दृष्टीनेही प्रदर्शनाआधी ग्राहकांना भेटून नमुने दाखवणे मला अधिक सयुक्तिक वाटते, पण त्यातले आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. नमुन्यांचे टॉवेल जाताना नेत असाल, तर त्यांवर नमुना असल्याची खूण आणि सोबत त्यांची यादी असावी, कारण मुक्कामामुळे ते सामान ब्रिटनच्या कस्टम्समधून जाणार आहे.

प्रश्न : मुलगा शिक्षणासाठी मेलबर्नला निघाला आहे. तो म्हणतो, मुंबई–सिंगापूर आणि सिंगापूर–मेलबर्न अशी दोन स्वस्त तिकिटे घेऊन मध्ये चार दिवस सिंगापूर पाहतो. सिंगापूरला व्हिसा लागत नाही, असेही तो म्हणतो. आम्हाला काळजी वाटते.
— एक पालक, विजापूर रस्ता

उत्तर : सुट्या तिकिटांविरुद्ध मी वर लिहिले असले, तरी आपल्या मुलाच्या बाबतीत माझे मत काहीसे वेगळे आहे. सुट्या तिकिटांचा मोठा धोका, पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकणे, हा असतो. मध्ये पूर्ण तीन-चार दिवस असतील, तर तो धोका जवळजवळ उरत नाही. एकतर्फी प्रवास करणाऱ्या तरुण मुलाला दोन तिकिटे चालण्यासारखी आहेत; हिशेब तेवढा पुरता करावा. स्वस्त कंपन्यांच्या भाड्यात चेक-इन बॅग बहुधा धरलेली नसते, आणि शिकायला जाणाऱ्या मुलाच्या सामानाचे वजन घरात सगळ्यांना माहीत असते. दोन्ही टप्प्यांवर बॅगेचे पैसे मिळवून बेरीज करा. शिवाय काही कंपन्या विद्यार्थ्यांना जादा वजनाची सवलत देतात, तेव्हा एका तिकिटाचा दरही त्या सवलतीसह काढून मग तुलना करा. पुष्कळदा फरक अगदीच किरकोळ निघतो, आणि तसा निघाला, तर एकच तिकीट घ्यावे.

व्हिसाबाबत मुलाला अर्धी माहिती आहे. भारतीय नागरिकाला सिंगापूरचा व्हिसा लागतो. त्याला अपवाद म्हणून, तिसऱ्या देशाकडे निघालेल्या आणि ऑस्ट्रेलियासह ठरावीक देशांचा वैध व्हिसा असलेल्या भारतीय प्रवाशाला ९६ तासांपर्यंत व्हिसाविना राहू देण्याची सोय आहे. तिच्यासाठी पुढचे पक्के तिकीट हातात लागते, आणि प्रवेश देण्याचा अखेरचा निर्णय तिथल्या अधिकाऱ्याचा असतो. ‘चार दिवस’ आणि ‘९६ तास’ यांत घोळ होतो, तो असा : सोमवारी पहाटे सहाला उतरून शुक्रवारी सकाळी दहाला निघाल्यास बोलताना आपण चार दिवस म्हणतो, पण तास होतात १००. गुरुवारी रात्रीचे विमान घेतले की प्रश्न मिटतो. शुक्रवारच हवा असेल, तर अधिकृत एजंटामार्फत रीतसर व्हिसा काढावा. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत सिंगापूरचे आगमन-पत्रक ऑनलाइन भरायचे असते, त्याचीही आठवण ठेवावी.

आपल्यासाठी याहून महत्त्वाची सूचना स्वयंपाकघराची आहे. मुलाबरोबर शेंगा चटणी, कडक भाकरी आणि काळा मसाला जाणारच. मसाल्यात खसखस असेल, तर तो देऊ नका. खसखस ही अफूच्या झाडाची बी असल्याने सिंगापूरमध्ये आणि संयुक्त अरब अमिरातीत ती आणण्यास मनाई आहे, आणि मुक्काम म्हटला की बॅग घेऊन कस्टम्ससमोरून जावेच लागते. मनाई मोडणे तिथे गंभीर गुन्हा धरला जातो. ज्या लाडवांना खसखस लावतात, तेही घरीच ठेवा. ऑस्ट्रेलियात उतरताना प्रत्येक खाद्यपदार्थ प्रवेशपत्रकावर लिहून दाखवावा लागतो. लिहिलेला पदार्थ फार तर काढून घेतात, लपवलेल्यासाठी मोठा दंड होतो. खोकल्याच्या औषधांपैकी कोडीन असलेली औषधे आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या आखातात पूर्वपरवानगीविना नेता येत नाहीत, हे तिकडून जाणाऱ्या वाचकांनीही ध्यानात घ्यावे.

प्रश्न : माझ्या तिकिटात मुंबई–दोहा, तीन दिवस मुक्काम, मग दोहा–पॅरिस असे आहे. मुक्कामाआधीचे पहिले विमान सोडून मी दुसरीकडून दोह्याला पोहोचलो, तर चालेल का?
— एक वाचक, सात रस्ता

उत्तर : चालणार नाही. तिकिटातले टप्पे छापलेल्या क्रमानेच वापरावे लागतात. पहिला टप्पा न वापरल्यास आपल्याला नो-शो, म्हणजे न आलेला प्रवासी, धरून पुढचे सगळे टप्पे, परतीसह, रद्द केले जातात. बदल हवा असेल, तर विमान सुटण्यापूर्वी कंपनीकडून तिकीट नव्याने करून घ्यावे.

प्रश्न : सोलापुरातून आता विमान आहे. ते मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानाला जोडून घ्यावे, की रेल्वेने जावे?
— एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : सोलापूरहून २०२५ मध्ये आधी गोव्याची आणि मग मुंबईची विमानसेवा सुरू झाली, ही आपल्या सर्वांच्या आनंदाची गोष्ट आहे. परंतु सोलापूर–मुंबईचे तिकीट वेगळे काढले असेल, तर ते विमान उशिरा आले किंवा रद्द झाले, म्हणून पुढची कंपनी थांबणार नाही. तेव्हा पुढचे विमान त्याच दिवशी असल्यास मध्ये भरपूर वेळ ठेवावा, आणि पर्यायी रेल्वे माहीत असावी.

रेल्वेने जाणाऱ्यांनी तारखेकडे फार काळजीपूर्वक पाहावे. मुंबईहून बरीच आंतरराष्ट्रीय विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ पहाटे चारची असेल, तर १४ च्या रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस उपयोगाची नाही. ती मुंबईला १५ च्या सकाळी पोहोचते, तेव्हा विमान गेलेले असते. अशा प्रवासासाठी १४ च्या सकाळची वंदे भारत धरावी. ती दुपारी मुंबईत पोहोचते आणि संध्याकाळ विश्रांतीला मिळते. ती आपल्या दिवशी धावते ना, हे आरक्षण करताना पाहावे. परतीच्या वेळीही हेच : पहाटे उतरल्यावर त्याच दिवशीचे रेल्वे आरक्षण दुपारनंतरचे ठेवावे, म्हणजे सामान यायला वेळ लागला, तरी गाडी चुकणार नाही.

हैदराबाद हाही पर्याय आपण विसरू नये. सोलापूरहून ते रस्त्याने सुमारे ३०० किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा जवळ आहे, आणि आखातातल्या मोठ्या शहरांची विमाने तिथूनही सुटतात. मल्टी-सिटीत तिकीट शोधताना पहिल्या ओळीत एकदा मुंबई आणि एकदा हैदराबाद घालून दोन्ही दर पाहावेत. जाताना हैदराबाद आणि येताना मुंबई असेही एकाच तिकिटात करता येते. अशा वेळी गाडी मात्र विमानतळावर ठेवून जाऊ नये.